न जेवायच्या थाळ्या

भिंतीवर टांगलेली थाळी मराठी स्वयंपाकघराला जरा चैनच वाटणार. मीठ-लिंबाची जागा मोराने अडवायची म्हणजे काय! पण जयपूरच्या ब्लू पॉटरीतल्या, म्हणजे तिथल्या निळ्या नक्षीच्या भांड्यांतल्या, काही थाळ्यांवर वरणभात कालवायला माझा हात धजणार नाही. त्यातही कृपालसिंह शेखावतांच्या.

हे मूळचे चित्रकार. शांतिनिकेतनात शिकलेले, पुढे जपानला जाऊन आलेले. संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीच्या सजावटीतही त्यांचा हात होता. जयपुरात ही कला विझत आली होती, आणि असा माणूस तिच्या भट्टीपाशी येऊन बसला. 1974 मध्ये पद्मश्री मिळाली, ते ठीकच. मला कुतूहल आहे ते त्यांच्या धीराचं.

कारण चित्रकाराला छळावं तर या कामानेच. यात माती नावापुरती. गारगोटीची पूड, काचेची पूड, टाकणखार, डिंक आणि थोडी मुलतानी माती, असा गोळा मळायचा. तो चाकावर वर चढत नाही, म्हणून पोळीसारखा लाटून साच्यात दाबायचा. वाळला की घासायचा, पांढरा लेप द्यायचा आणि मग कुंचला हातात घ्यायचा. कोबाल्टची रेघ ओढताना दिसते काळपट. निळा रंग मनातच बघायचा. बरं, एवढ्यावर सुटका नाही. चित्र पुरं झालं की त्यावर काचेच्या पुडीचा आणि मैद्याच्या खळीचा लेप चढतो, आणि आत्ताच काढलेला घोडेस्वार त्या थराखाली गडप! दोन पावलं मागे सरून, डोळे बारीक करून चित्र न्याहाळायची चित्रकारांची लाडकी सवय इथे काय कामाची? भट्टी एकदाच लागते, साधारण 800 अंशांवर. थाळी तडकली तर घोडेस्वारासकट.

शिवाय थाळीला कोपरे नसतात. कागदावर जागा उरली की कोपऱ्यात एक झाड उभं करता येतं. गोलात ती पळवाट बंद. हत्तीची सोंड, ओढणीचं टोक, घोड्याची मान, सगळ्यांनी काठाचं ऐकून वळायचं. पर्यटकांच्या दुकानांतल्या थाळ्यांवर मोर नुसता मधोमध उभा असतो, फोटोला उभा केल्यासारखा. शेखावतांनी निळ्या-फिरोजीच्या जोडीला बरेच नवे रंग आणले, त्याचं कौतुकही झालं. मला विचाराल तर निळाच पुरे होता.

मुंबईतही असं काही घडलं होतं. 1870 च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी सिंधमधल्या कुंभारांच्या मदतीने कुंभारकामाचा विभाग चालवला, आणि अजिंठ्याच्या भिंतींवरच्या आकृत्या तिथल्या भांड्यांवर उतरल्या. त्यातली काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. आणि जयपूरला जाऊन आलेले आपले लोक बहुधा कपाटाच्या निळ्या मुठी घेऊन येतात. थाळी प्रवासात फुटते म्हणे.