मागं कोणी नाही, काकू!

पावसाळ्यात गोव्याचा समुद्र खवळतो आणि आमचे सर्फिंगचे क्लास बंद पडतात. मग जुलैत मी दोन-चार विद्यार्थी घेऊन बालीला जातो. तिथं तेव्हा कोरडा हंगाम असतो. त्या खेपेला कोल्हापूरच्या एक काकू होत्या, वय 54, बँकेतून लवकर निवृत्त झालेल्या.

सकाळी साडेसहाला चांगू गावच्या बाटू बोलोंग किनाऱ्यावर उतरलो, तर पाण्यात आधीच पन्नासेक डोकी. लाट मऊ, म्हणून झाडून सगळे नवशिके इथंच. नियम साधा आहे: लाट फुटते त्या टोकाच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. ऐकतंय कोण! काकू उभ्या राहतात न राहतात तोच एक जण आडवा घुसला. त्याच्या बोर्डाखालच्या फिननं, म्हणजे कल्ल्यानं, काकूंच्या फोम बोर्डला वीतभर चीर पाडली. काकू वर आल्या, नाक शिंकरलं आणि म्हणाल्या, "लोकलमध्ये निदान सरकून तरी घेतात हो!"

मग गाडी काढली ती थेट मेडेवीच्या किनाऱ्याला. जावाच्या फेरीबोटीकडे निघालेल्या ट्रकांमागून रखडत दोन तासांवर गेले. वारा सुटून पाणी खडबडीत झालेलं, म्हणूनच आत चौघंच होते. भरतीमुळे काळे गोटे पाण्याखाली.

इथली लाट डावीकडे धावते आणि लांबवर जाते. काकूंचा डावा पाय पुढे, म्हणजे लाट त्यांच्या पाठीकडे. पहिल्या दोन्ही वेळा उभ्या राहिल्या, वळून मागं बघितलं आणि पडल्या. सकाळची धास्ती मानेत बसली होती.

"मागं कोणी नाही, काकू! पुढं बघा!"

तिसऱ्या लाटेवर त्या गेल्या त्या गेल्याच. मला फक्त केसांचा पांढरा अंबाडा दिसत राहिला. वल्हवत परत यायला त्यांना दहा मिनिटं लागली. काही बोलल्या नाहीत. दम तरी कुठं होता म्हणा.

चूक माझीच, पुढची. लाटांच्या नादात ओहोटीकडे लक्ष राहिलं नाही. बाहेर निघायची वेळ झाली तेव्हा शेवाळलेले गोटे उघडे पडले होते आणि दोघंही अनवाणी. काकू चक्क रांगत निघाल्या. होडी ओढणारा एक कोळी हातातलं काम टाकून आला, त्यानं बोर्ड धरला. तरी काकूंचा अंगठा फाटलाच.

संध्याकाळी चांगूत रबरी बुटांचे दोन जोड घेतले. काकूंनी पर्स उघडलीही नाही.