केळीचा मळा अन् दोन बीसी ५४७

मी पंपाचे स्टार्टर, पॅनल रिपेअर करतो, रावेर-यावल पट्टा सगळा माझ्याकडे. मागच्या मे महिन्यात रावेरकडच्या एका मळ्यातून फोन, मोटर उचलतच नाही. जाऊन बघतो तर ड्राय रनचं कार्ड गेलेलं, विहीर आटली की मोटर बंद करतं ते. उघडलं तर आत सगळं काळ्या इपॉक्सीत, म्हणजे दगडासारख्या घट्ट झालेल्या रेझिनमध्ये गाडलेलं, कुठला पार्ट जळाला तेच दिसेना. असल्या कार्डांचा मला मनापासून राग येतो. नवीन कार्ड उद्या जळगावहून येणार, लाईट रात्री, अन् पंचेचाळीस डिग्रीत केळीचं पाणी चुकवायला मळ्याचे मालक अप्पा तयार नाहीत.

तेवढ्यात त्यांची नववीतली पोरगी शाळेच्या प्रोजेक्टचा डबा घेऊन आली, "काका, यातलं काही चालेल?" रिमोट कारची मोटर, बझर, नऊ व्होल्टची बॅटरी, थोडे रेझिस्टर अन् दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर.

लहानपणी भुसावळला असाच डबा होता माझा. भंगारातल्या रेडिओचे पार्ट, मेकॅनिक्स खेळण्यातल्या पट्ट्या, टेपची मोटर. मोरीतल्या टाकीत दोन वायरी सोडून बझर लावला होता, पाणी वायरींना टेकलं की पाण्यातून जरासा करंट ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला जायचा अन् तेवढ्यावर बझर बोंबलायचा. बाबा रेल्वेत, नाईट करून झोपलेले, ते उठून आधी वायर तोडायचे मग मला धरायचे.

इथे उलटं हवं होतं, पाणी गेल्यावर वाजायला पाहिजे. म्हणून दोन ट्रान्झिस्टर. पाणी आहे तोवर पहिला दुसऱ्याचा बेस खाली ओढून त्याला बंद धरतो, पाणी सरकलं की दुसरा सुटतो अन् बझर चालू. सोल्डर पोरीनेच मारलं, चपटी बाजू समोर धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर हे तिला पाठ होतं! बादलीत वायरी बुडवून-काढून बघितलं, मग विहिरीत सोडल्या, पाणी खेचणाऱ्या पाइपच्या तळाच्या फूटव्हॉल्व्हच्या जरा वर. कार्ड बायपास केलं, मोटरने जादा करंट ओढला की ती बंद करणारा ओव्हरलोड रिले तसाच ठेवला, अन् गड्याला बजावलं की बझर वाजला की पळत जाऊन मोटर बंद करायची.

रात्री वाजला म्हणे, गडी पळाला, मोटर वाचली.

दुसऱ्या दिवशी कार्ड बसवून बिल दिलं तर अप्पा म्हणे, "कार्डाचं समजलं भो, पण कालचं कशाचं? सामान तर पोरीचं होतं." शेवटी व्हिजिटचे दिले, वर केळीच्या दोन फण्या. बझर काढायला गेलो तर पोरगी म्हणे राहू द्या काका, आता टाकीला लावायचाय.