४१८ गावांची नोंद

रविवार, रात्री

पॅलेस्टिनी इतिहासकार वालिद खालिदींचं ‘ऑल दॅट रिमेन्स’ सलग वाचायचं पुस्तक नाही. १९९२ साली निघालेला सहाशेहून जास्त पानांचा जाडजूड ग्रंथ, आणि त्यात १९४८च्या युद्धात रिकाम्या झालेल्या, बहुतेक पाडून टाकलेल्या ४१८ पॅलेस्टिनी गावांची जिल्हावार नोंद. प्रत्येक गावाला तेच रकाने. जिल्ह्याच्या ठिकाणापासून अंतर किती, समुद्रसपाटीपासून उंची किती, जमीन कोणाची नि तीत काय पिकायचं, १९३१ साली माणसं किती नि घरं किती. मग गाव कधी, कोणी ताब्यात घेतलं, त्याच्या शिवारात पुढे कुठल्या वसाहती उभ्या राहिल्या आणि आज तिथे काय दिसतं. आपल्याकडची जुनी जिल्हा गॅझेटियर चाळलेल्या माणसाला हा कोरडेपणा ओळखीचा वाटेल.

मी अक्का जिल्ह्यात अडकून पडले ती अल-बिरवामुळे. कवी महमूद दरवीश याच गावचा. त्याच्या कवितेतून गाव माहीत होतं, पण त्या गावात १९४५ साली १,४६० माणसं होती, हे माहीत नव्हतं. १९४८च्या जूनमध्ये इस्रायली फौजेनं गाव घेतलं तेव्हा कापणीचे दिवस होते. गावकरी असतील नसतील त्या बंदुका घेऊन परत आले, पिकासाठी त्यांनी गाव सोडवलं आणि दोन-चार दिवसांत ते पुन्हा गमावलं. खालिदी हे सगळं कुठेही आवाज न चढवता सांगतात. पुढच्या परिच्छेदात त्या जमिनीवर वसलेल्या यासूर आणि अहिहुद या वसाहतींची नावं येतात. मग आज काय उरलंय ते: शाळेची इमारत, मोजकी घरं. पुढचं गाव.

दरवीशचं कुटुंब लेबनॉनला पळालं, वर्षभराने लपतछपत परतलं, तोवर गाव नव्हतं. कायद्याच्या लेखी ते ‘हजर-गैरहजर’ ठरले. माणूस देशात आहे, पण त्याच्या मालमत्तेपुरता गैरहजर! १९५०च्या कायद्याने अशा गैरहजरांच्या जमिनी सरकारी ताब्यात गेल्या. हे कलम सुचलेल्या कारकुनाला मानलं पाहिजे.

वाचताना एक गोष्ट टोचत राहते. यातले लोकसंख्येचे नि जमिनीचे बरेचसे आकडे १९४८पर्यंत पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिश मँडेट सरकारच्या दप्तरातले आहेत. ज्या सरकारच्या राज्यात हे सगळं घडायची वेळ आली, त्याचीच १९४५ची गावनिहाय आकडेवारी आज त्या गावांच्या असण्याचा पुरावा. जमीन दुनमात मोजलेली. एक दुनम म्हणजे आपले जवळपास दहा गुंठे. जेरुसलेमजवळच्या देर यासीनची जमीन २,८५७ दुनम, माणसं ६१०. ज्यू सशस्त्र गटांनी ९ एप्रिल १९४८ला केलेल्या हत्याकांडासाठीच जगाला ठाऊक असलेल्या गावाला शेतं होती, दगडाच्या खाणी होत्या, हे त्या रकान्यांमुळे कळतं. त्या हत्याकांडावर लिहिणाऱ्या भल्याभल्यांना जे जमलं नाही, ते या हिशेबाने होतं: गाव मरण्याआधी जगताना दिसतं.

अर्थात नुसत्या दप्तरावर हे उभं नाही. बिरझेत विद्यापीठ आणि गॅलिलीतल्या एका संशोधन केंद्राची माणसं एकेका गावच्या जागी प्रत्यक्ष गेली, फोटो काढून आली. बांधावरचं निवडुंग, पाइनची लागवड, मधूनच एखादी कमान. निर्वासितांनी स्वतः काढलेल्या ग्रामस्मरणिका याहून वेगळ्या असतात. त्यांत घराणी असतात, झऱ्यांची नावं, लग्नातली गाणी. तो ऊबदारपणा इथे शोधायला जाऊ नये.

स्वतः खालिदी जेरुसलेमच्या जुन्या विद्वान घराण्यातले, जन्म १९२५चा. ब्रिटनने १९५६ साली इजिप्तच्या सुएझवर केलेल्या हल्ल्याच्या निषेधार्थ ऑक्सफर्डची नोकरी सोडली, १९६३ साली बैरूतमध्ये पॅलेस्टाइन अभ्याससंस्था उभारण्यात पुढे राहिले. राज्य नसलेल्या समाजाचं दप्तर कोण ठेवणार, हा प्रश्न त्यांनी असा सोडवला. त्याच बैरूतमध्ये १९८२ साली इस्रायली सैन्याने पीएलओच्या, म्हणजे पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या, संशोधन केंद्राचा संग्रह उचलून नेला होता, हे लक्षात घेतलं की ही धडपड हौशी वाटत नाही.

४१८ हा आकडाही वादातला आहे. इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिसच्या पहिल्या यादीत ३६९ होते, पॅलेस्टिनी संशोधक सलमान अबू सित्तांच्या यादीत ५३१. फरक बराचसा व्याख्येचा: बेदुइन टोळ्यांच्या वस्त्या गाव धरायच्या की नाही, वगैरे. माझं मत विचाराल तर आकड्यापेक्षा खरा वाद ‘प्लॅन डालेत’चा, म्हणजे ज्यू फौजेच्या मार्च १९४८च्या लष्करी योजनेचा. ही हकालपट्टी आधी आखलेली होती, हे खालिदी १९६१पासून मांडत आले; मॉरिसला ती युद्धाच्या ओघात घडलेली वाटते. या ग्रंथातली नोंद एकेक करून वाचताना आखणी सिद्ध होते असं मी म्हणणार नाही. पण परतीची वाट मात्र ठरवूनच बंद केली, याबद्दल शंका राहत नाही.

उद्यासाठी हैफा जिल्हा राखून ठेवलाय. त्यात ऐन हौद आहे. १९५३ साली तिथे मार्सेल यान्को या चित्रकाराच्या पुढाकाराने कलावंतांची वसाहत झाली, म्हणून तिथली दगडी घरं वाचली. गावचे काही लोक जवळच्याच डोंगरावर राहिले, तिथे त्यांनी नवं ऐन हौद वसवलं, आणि त्याला सरकारी मान्यता मिळायला काही दशकं गेली. तोवर नकाशात ते गाव नव्हतं, विजेची तार नव्हती. जुन्या गावात चित्रांची प्रदर्शनं चालू होती.