डिस्चार्ज मिळाला, पण एक वाक्य राहिलं: नादारीतून बाहेर पडतानाचा माझा अनुभव

डिस्चार्जचा, म्हणजे नादारीतून (कर्ज फेडता न आल्याने कोर्टाने ठरवलेल्या दिवाळखोरीतून) मुक्त केल्याचा आदेश हातात पडला तेव्हा मला वाटलं, सुटलो. चार पानं होती. शेवटच्या पानावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा गोल शिक्का. ती नक्कल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घरी आणली आणि बायकोला म्हणालो, "हे नीट ठेव." पुढचे अकरा महिने तोच फोल्डर काखेत घेऊन मी त्याच कोर्टाच्या पायऱ्या चढत होतो, कारण त्या चार पानांत एक वाक्य नव्हतं. 'अर्जदाराची नादारी दुर्दैवाने ओढवली असून त्यात त्याचे कोणतेही गैरवर्तन नाही', एवढंच. ते वेगळं मागून घ्यावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना तरी ते वेळेत कळावं म्हणून लिहितोय.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, स्वतःच्या नावावर. माझं निम्म्याहून जास्त काम एकाच पार्टीचं होतं. ती पार्टी बंद पडली आणि माझं बिल बुडालं. ज्यांच्याकडून माल उचलला त्यांचे पैसे थकले, बँकेचे हप्ते थकले, एका सावकाराने, म्हणजे ज्याचं माझ्याकडे येणं होतं त्याने, हुकूमनामा मिळवला आणि मशिनरीवर जप्ती आली. तेव्हा मी स्वतःच नादारीचा अर्ज केला. लहानपणी फी माफ झाली की 'नादारी मिळाली' असं आम्ही म्हणायचो. वडिलांनी माझ्यासाठी तो फॉर्म भरला होता. तोच शब्द कोर्टाच्या कागदावर माझ्या नावापुढे वाचताना घशात आवंढा आला होता, हे लपवत नाही.

अर्ज कुठे करायचा यातच दीड महिना गेला. तीन माणसांनी तीन वेळा ठामपणे सांगितलं की आता सगळं कंपनी लवादात चालतं, एका वर्षात मोकळे व्हाल. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी भाग आहे आणि त्यात एका वर्षाने मुक्तीची तरतूदही आहे. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांसाठी. माझ्यासारख्या प्रोप्रायटरला १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा लागला. मुंबई शहरात त्याच्याही आधीचा, १९०९ चा कायदा आहे आणि तिथे काम उच्च न्यायालयात चालतं. बाकीच्यांनी आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयात जायचं. संहितेवरचे व्हिडिओ बघून वकिलाशी वाद घालू नका. मी घातला आणि नंतर त्यांची माफी मागितली.

अर्ज, यादी, सुनावणी, नादार ठरवल्याचा आदेश, राजपत्रात नोटीस, रिसीव्हरची (नादाराची मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाची) नेमणूक हे सगळं वेळ खात खात पण सरळ झालं. मिळकत रिसीव्हरच्या ताब्यात गेली. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि माझी हातातली हत्यारं जप्तीतून वगळलेली असतात, ती राहिली.

त्या काळात मला एक गोष्ट उशिरा कळली. 'नादार' हा एकच शब्द असला तरी कुठला दरवाजा कधी बंद होतो आणि कधी उघडतो हे प्रत्येक कायद्यात वेगळं आहे. दोन मित्रांबरोबर मी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत संचालक होतो. मला वाटत होतं, कोर्टाने नादार ठरवल्यावर संचालकपद जाईल. कंपनी कायद्याचं कलम १६४ त्याच्या आधीच लागतं. नादार ठरवा असा अर्ज करून तो प्रलंबित असला तरी माणूस अपात्र, आणि कलम १६७ प्रमाणे पद रिकामं होतं. म्हणजे मी अर्ज दाखल केला त्या दिवसापासूनच संचालक नव्हतो, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी एका ठरावावर सही करून बसलो होतो. तो ठराव मित्रांना पुन्हा करावा लागला. अर्ज करण्याआधी सहकाऱ्यांना सांगा आणि पद सोडल्याचा डीआयआर-१२ फॉर्म त्यांच्याकडून वेळेत भरून घ्या.

चुलतभावाबरोबर भागीदारी होती, तिथला नियम वेगळा. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नादार ठरवल्याच्या आदेशाच्या तारखेला भागीदारी संपते, अर्जाच्या तारखेला नाही. पण करारपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर त्या एका आदेशाने अख्खी फर्म विसर्जित होते. आमच्या करारात काकांनी वीस वर्षांपूर्वी एक कलम घालून ठेवलं होतं, की एक भागीदार गेला तरी फर्म चालू राहील. त्या कलमामुळे भावाचा धंदा वाचला. नाहीतर माझ्यापायी त्याचंही दुकान मोडलं असतं, आणि ते ओझं मला पेललं नसतं.

आणि मी ग्रामपंचायतीचा सदस्य होतो. नादार ठरलेला आणि मुक्त न झालेला माणूस सदस्य राहू शकत नाही. कुणी तक्रार करण्याआधीच मी राजीनामा दिला.

धंदा पूर्ण बंद करावा लागतो असा लोकांचा समज असतो, तसं नाही. मी मजुरीवर काम करत राहिलो. फक्त मधल्या काळात हातात येणारी मिळकतही रिसीव्हरच्या कक्षेत येते, त्यामुळे हिशेब चोख ठेवावा लागतो. आणि उधारीचा नियम फार कडक आहे. पन्नास रुपये किंवा जास्त उधार घेताना समोरच्याला 'मी अजून मुक्त न झालेला नादार आहे' हे सांगितलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आकडा बरोबर वाचलात, पन्नास. १९२० साली लिहिला तो तसाच आहे.

एकदा गेटच्या कामाला अँगल हवे होते, रोख कमी पडत होती. लोखंडवाल्याकडे गेलो. वीस वर्षांची ओळख. तो पावती फाडत होता. मी म्हणालो, "शेठ, थांबा. मी कोर्टाचा नादार आहे, हे सांगितल्याशिवाय उधार घेता येत नाही मला." पेन हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. दुकानात आणखी दोघं उभे होते. मग त्याने पावतीच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'नादारीबाबत सांगितले', आणि माझी सही घेतली. ती पावती मी जपून ठेवली आहे. तुम्हीही प्रत्येक वेळी लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

आता त्या एका वाक्याकडे येतो.

डिस्चार्ज झाल्यावर गावातली मंडळी म्हणाली, पुढच्या निवडणुकीत उभे राहा. मलाही वाटलं, आता अडचण कसली? ग्रामपंचायत कायद्यात तर 'मुक्त न झालेला' एवढंच आहे. वकीलसाहेबांनी मात्र १९२० च्या कायद्याचं कलम ७३ समोर ठेवलं. त्याप्रमाणे नादार ठरलेल्या माणसाला दंडाधिकारी होता येत नाही आणि स्थानिक संस्थेत निवडून जाता येत नाही, सदस्य म्हणून तिथे बसता येत नाही, मतही देता येत नाही. ही अपात्रता नुसत्या डिस्चार्जने उठत नाही. डिस्चार्जच्या सोबत कोर्टाचा दाखला लागतो की नादारी दुर्दैवाने आली, गैरवर्तनाने नाही. नादारीचा मूळ आदेशच रद्द झाला असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या आदेशात डिस्चार्ज होता, दाखला नव्हता. का नव्हता? आमच्या अर्जात मागितलाच नव्हता. वकीलसाहेबांनी चूक मान्य केली आणि पुढच्या कामाची फी घेतली नाही. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या अकरा महिन्यांची. अर्ज घेऊन फायलिंगच्या टेबलावर गेलो. टेबलावरचे कारकून म्हणाले, "काका, डिस्चार्ज झालाय ना तुमचा? मग आता काय पाहिजे?" मी कलम दाखवलं. त्यांनी न वाचताच कागद परत सरकवला. "प्रकरण निकाली आहे. निकाली प्रकरणात अर्ज घेत नाही." वेगळा किरकोळ अर्ज करा म्हणाले, तो केला. त्याला मूळ दप्तर जोडायला हवं म्हणाले. दप्तर रेकॉर्ड रूमला गेलेलं. रेकॉर्ड रूममध्ये दुसऱ्याच वर्षाच्या गठ्ठ्यात बांधलेलं. ते सापडायला नऊ आठवडे गेले, आणि सापडलं तेही मी रोजनाम्यातली (प्रकरणाच्या तारखावार नोंदीतली) पाठवणीची तारीख स्वतः शोधून दिली तेव्हा. दर सोमवारी जायचो. दर सोमवारी "पुढच्या आठवड्यात या." एका सोमवारी त्या खिडकीपाशी माझा आवाज चढला. लाज वाटली, पण राग खराच होता. माझ्या आयुष्याचा कागद त्यांच्यासाठी एका गठ्ठ्यातला कागद होता.

दप्तर आलं तर न्यायाधीशांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, रिसीव्हरचं म्हणणं मागवा. डिस्चार्जच्या वेळी रिसीव्हरने अहवाल दिला होता, त्यात गैरवर्तनाचा एक शब्द नव्हता. तरी पुन्हा मागवलं. पाच तारखा नुसत्या 'म्हणणं आलं नाही' यावर गेल्या. प्रत्येक तारखेला मी सकाळी साडेदहाला बोर्ड बघायचो, दुपारपर्यंत बाकावर बसायचो आणि पुकारा झाला की दीड मिनिटात बाहेर. त्या दिवसाची मजुरी बुडायची. वीस दिवसांनी पुढची तारीख. सहाव्या तारखेला म्हणणं आलं, तीन ओळींचं: 'अर्जदाराने सहकार्य केले. हरकत नाही.'

हरकत घेतली एका सावकाराने. त्याचं म्हणणं, बुडणार हे माहीत असूनही मी माल उचलत राहिलो. हा आरोप साधा नाही. फेडता येणार नाही हे कळूनही धंदा चालू ठेवला असेल, तर त्यावर डिस्चार्जसुद्धा अडतो. माझ्या बाजूने एकच गोष्ट होती, माझ्या वह्या. रोजमेळ आणि खतावणी मी स्वतः लिहायचो, निळ्या शाईने, रोज रात्री. साहेबांनी वही मागितली. शेवटची माल खरेदी ज्या पानावर होती ते पान मी उघडून दिलं. त्याच्या अकरा दिवसांनंतर त्या बड्या पार्टीचा चेक परत आल्याची नोंद होती, आणि तिच्यापुढे मी तेव्हाच लिहिलं होतं, 'आजपासून उधार माल बंद'. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. बँकेचा चेक परतीचा मेमो त्याच तारखेचा होता. विचारलं, "यानंतर एकही खरेदी नाही?" मी म्हणालो, "नाही साहेब, पुढची पानं बघा." त्यांनी पाच-सहा पानं उलटली. सगळं मिळून वीस मिनिटं. अकरा महिन्यांत माझं खरंखुरं काम त्या वीस मिनिटांत झालं.

पुढच्या तारखेला दाखला मिळाला. कोर्टाच्या आवारातल्या बाकावर बसून मी ते वाक्य वाचलं आणि तिथेच रडलो. निवडणुकीपेक्षा मला त्या वाक्याची गरज जास्त होती, हे तेव्हा समजलं. एका न्यायाधीशाने लिहून दिलं होतं की मी कुणाला फसवलं नाही.

म्हणून डिस्चार्जचा अर्ज करतानाच कलम ७३ चा दाखला त्याच अर्जात, वेगळ्या परिच्छेदात मागा. आदेश मिळाल्यावर घरी नेण्याआधी शेवटचा परिच्छेद वाचा. दाखला नाकारला तर अपील करता येतं, निराश होऊन सोडू नका. वह्या मात्र हव्यातच. नादारीच्या आधीच्या तीन वर्षांचे हिशेब नीट ठेवलेले नसतील तर बिनशर्त डिस्चार्ज नाकारायला तेवढं कारण पुरतं. मिळकत कर्जाच्या निम्म्यालाही पुरत नसेल तर त्यात आपला दोष नव्हता हे कोर्टाला पटवावं लागतं. माझी पुरत नव्हती, तेव्हाही त्याच वह्या कामी आल्या.

हे आधी सांगायला हवं होतं: नादारीच्या आदेशातच डिस्चार्जसाठी अर्ज करायची मुदत लिहिलेली असते. ती संपली की आपोआप मुक्त होतो असं मी समजत होतो. उलट आहे. मुदतीत अर्ज केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे सावकार पुन्हा दारात. मला ती तारीख संपायला सोळा दिवस उरले असताना कळली.

डिस्चार्जने सगळी देणी पुसली जात नाहीत. सरकारचं देणं राहतं, पोटगी राहते, फसवणुकीतून आलेलं देणं राहतं. आणि जामीनदार सुटत नाही. माझा मेहुणा एका कर्जाला जामीन होता. मी मुक्त झालो, त्याचे हप्ते चालू राहिले. ते मी आता दर महिन्याला त्याच्या खात्यात भरतो, कोर्टाने सांगितलेलं नसलं तरी.

मुलगा बँकेच्या परीक्षा देतो, त्याने विचारलं, "बाबा, याचा मला त्रास होईल का?" त्याला नाही होणार, अपात्रता माझ्या नावाची आहे. पण मला स्वतःला बँकिंग कंपनीत नोकरी कधीच मिळणार नाही, कारण तिथल्या कायद्यात 'आहे किंवा कधीही नादार ठरला होता' असे शब्द आहेत, तिथे दाखलाही चालत नाही. आमदार-खासदार होण्याला मात्र राज्यघटनेत फक्त मुक्त न झालेल्याचीच मनाई आहे. संचालकपदाचंही तसंच, मित्रांनी मला परत घेतलं आहे.

नक्कल काढताना एकदम पाच प्रती मागा, आणि आदेशाला दाखला जोडूनच मागा. मी घाईत नुसत्या दाखल्याच्या दोन घेतल्या, त्यामुळे बाकीच्यांसाठी पुन्हा त्याच खिडकीपाशी उभं राहावं लागलं. या वेळी कागद चार दिवसांत मिळाला.