एका सुताचा फरक

"जीपचा इंटरमिजिएट शाफ्ट एकच येतो." फोनवर असं ठामपणे सांगणाऱ्या दुकानदारावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्याच्या या एका वाक्यापायी आमची गाडी सव्वादोन महिने कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) उभी राहिली.

गाडी आजोबांची. महिंद्राची सीजे-३बी, २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, आरसी बुकावर साल १९६४. गुळाच्या हंगामात आजोबा तिच्यातूनच कळ्याहून मार्केट यार्डात यायचे. इंजिन, ब्रेक, वायरिंग ही कामं महिनाभरात उरकली. अडलं ते ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या, आणि हवा तेव्हा पुढच्याही, चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरपेटीवर. चालताना सारखी घरघर, आणि रात्री खाली पुठ्ठा घातला तर सकाळी त्यावर तेलाचं थारोळं.

या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे डाना १८ मध्ये, टू-व्हीलला असो की फोर-व्हीलला, इंजिनाचा सगळा जोर मधल्या गिअरमधूनच जातो. तो गिअर ज्या शाफ्टवर नीडल बेअरिंगांनी (सुईसारख्या बारीक रोलरांनी) फिरतो, तो इंटरमिजिएट शाफ्ट स्वतः फिरत नाही. केसच्या दोन भोकांत घट्ट बसलेला असतो. आमचा शाफ्ट मधोमध खाल्लेला, म्हणजे झिजलेला होता.

बाहेरगावच्या त्या दुकानदारानं फक्त साल विचारलं. मी १९६४ सांगितलं, पैसे पाठवले. सहाव्या दिवशी ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. गिअर, शाफ्ट, थ्रस्ट वॉशर, सगळं नवंकोरं. मिस्त्रीमामांनी शाफ्ट भोकात सोडला आणि बोटानं हलवून दाखवला. "दादा, ह्यो खुळखुळतोय बघा. सव्वा इंच पायजे, त्यानं एक इंच एक सूत दिलाय."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम तीन मिलिमीटर. जीपची मूळ अमेरिकी कंपनी विलीसनं १९४६ पर्यंत इथं पाऊण इंची शाफ्ट वापरला, मग एक इंच एक सूत, आणि १९५५ च्या आसपास सव्वा इंची आणला. हे मला मामांकडून कळलं. जीपचे भाग विकून पोट भरणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं. मी फोन केला तर म्हणाला, "तुमची केसच झिजली असेल." दोन्ही भोकं सारखी, गोल, तीन मिलिमीटर झिजतात होय? आठवडाभर रोज फोन केल्यावर त्यानं 'मोठा' म्हणून दुसरा संच पाठवला, त्याचेही पैसे घेऊन. डबा वेगळा, माप तेच! परत घ्या म्हटलं तर बिलावर छापलेली ओळ वाचून दाखवली: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

मग मला वाटलं, कोल्हापुरात राहून मी बाहेर कशाला शोधतोय? लेथवर काय बनत नाही इथं? ओळखीच्या टर्नरकडे जुना शाफ्ट घेऊन गेलो. त्यांनी हातात घेऊन फिरवला आणि परत दिला. "करून दीन की. पण बेअरिंगच्या सुया थेट ह्याच्यावर पळत्यात. हार्डनिंग आन् ग्राइंडिंग नीट झालं न्हाई तर सहा महिन्यांत परत खाईल. मिळतोय तवर तयार माल घ्या." हातातलं काम सोडून खरं सांगणारा माणूस भेटला, म्हणून मला उद्यमनगराचा अभिमान वाटतो.

शेवटी मामांनी युक्ती सांगितली. जुन्या शाफ्टला व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून फोटो काढला, ३१.७५ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वा इंचाचा, आकडा स्पष्ट दिसेल असा, आणि मुंबईच्या एका जुन्या दुकानात पाठवला. त्यांनीही आपल्या शाफ्टला व्हर्निअर लावून फोटो पाठवला, तेव्हाच पैसे दिले. चौथ्या दिवशी माल आला आणि लाकडी हातोड्याच्या दोन ठोक्यांत बसला.

माप घेताना शाफ्टचं टोक मोजा, म्हणजे केसमध्ये बसणारा भाग. मधे तो खाल्लेला असतो, तिथलं माप फसवतं. आरसीवरच्या सालावरही जाऊ नका. साठ वर्षांत कुणी कुठल्या गाडीची केस कुठं चढवली असेल, सांगता येत नाही. आणि हो, डिफरन्शियलचा क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांच्या आसाला जोर देणारी गिअरांची जोडी, घेणार असाल तर दाते मोजून घ्या. आमच्यात ४३ आणि ८ आहेत. पुढचं आणि मागचं प्रमाण जुळलं नाही तर फोर-व्हील टाकल्यावर पक्क्या रस्त्यावर सगळी ओढाताण गिअरांवर येते. डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत का, तेही आधी बघा. सुलटे घेऊन मी एक खेप वाया घालवली.

परवा पन्हाळ्याचा घाट चढलो. घरघर नाही, पुठ्ठाही कोरडा. चुकीचे दोन्ही संच माझ्याकडे डब्यासकट पडून आहेत. कुणाच्या जीपला एक इंच एक सूत लागत असेल तर सांगा. पण आधी टोक मोजून या.