डाळिंबी रंगाच्या गावाला

8 मार्च 2024. शुक्रवार, महाशिवरात्र, आणि लेकीची शाळा बुडवलेली. अमेरिकेतल्या शार्लटहून ग्रीनव्हिलला निघालो तेव्हा मागच्या सीटवर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा होता. उपास माझा, पण अर्धी खिचडी लेकीनेच वाटेत संपवली.

रस्ता सरळसोट, आय-85. गॅफनीजवळ तो पीच दिसतो. पीच म्हणजे पाण्याची टाकी, दहा लाख गॅलनची, हुबेहूब फळासारखी रंगवलेली. एका बाजूने बघितलं तर आकार जरा लाजिरवाणाच वाटतो, पण लेकीसमोर काही बोलले नाही.

आम्ही चाललो होतो साउथईस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे तिथल्या आग्नेय भागातल्या विद्यापीठांच्या गटाच्या, महिला बास्केटबॉल स्पर्धेला. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या 'गेमकॉक्स', म्हणजे झुंजीचे कोंबडे, अव्वल मानांकित. हंगामात 29 सामने, 29 विजय. तेव्हा चौदा संघांच्या या स्पर्धेत पहिल्या चौघांना दोन फेऱ्या पुढे चाल होती. त्यामुळे बाकीचे बुधवार-गुरुवारी घाम गाळत असताना या नुसत्या बघत बसलेल्या, आणि शुक्रवारी भर दुपारी बाराला यांचा पहिला सामना. मला हे सुख वाटलं होतं.

पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीजवळ एक सत्तरीच्या कृष्णवर्णीय आजी उभ्या होत्या. संघाच्या रंगाचा डाळिंबी टीशर्ट, कानात डाळिंबी डूल. आत बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून मी बॉनेटवर डबा उघडला, तर त्यांनी विचारलं, ‘हे मोती कसले?’ चमचाभर खाऊन बघितली, दाण्याचं कूट आवडलं. दर वर्षी कोलंबियाहून, म्हणजे या विद्यापीठाच्याच गावाहून, येतात म्हणे. मी म्हटलं, आज तर सोपंच आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी लग्नघरात काहीतरी अशुभ बोलले असावे. 2022 साली नॅशव्हिलला हाच संघ अव्वल होता आणि अंतिम सामन्यात केंटकीने दोन गुणांनी हरवला. शेवटच्या काही सेकंदांत, तीन गुणांच्या बास्केटने. ‘हरणाऱ्याला काय, सामान बांधून घरी जायचं. भीती पहिल्या नंबरालाच,’ आजी म्हणाल्या. ‘शेवटचा भोंगा होईपर्यंत उठू नका.’

आतली जागा आम्हाला छपराजवळची मिळाली, तरी कमिला कार्डोसो ओळखू आली. ब्राझीलची ही पोरगी सहा फूट सात इंच! सरावात तिने हात वर केला की रिंग तिच्यासाठी खुंटीला टांगल्यासारखी. लेक स्वतः शाळेच्या संघात खेळते, उंची पाच फूट एक. ती गप्पच झाली. कडेला प्रशिक्षक डॉन स्टेली, हाताची घडी. खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेली बाई, पण चेहरा परीक्षेला आलेल्या पालकाचा.

टेक्सास ए अँड एमविरुद्ध 79-68. जिंकल्या, पण आदल्या दिवशी खेळून हात गरम झालेल्या मुलींनी सहज काही दिलं नाही. ते अकरा गुण मला कमीच वाटले. शेवटच्या दोन मिनिटांत मी लेकीला ओढत बाहेर काढलं, पार्किंगची गर्दी टाळायला. आजींचा सल्ला आठवत होता, तरीही.

शनिवारी सकाळी रीडी नदीवरचा लिबर्टी ब्रिज बघितला. पूल वळलेला, आणि दोर फक्त एका बाजूला. खाली धबधबा, भोवती एके काळच्या कापडगिरण्यांचं गाव. गिरणगावातल्या बाईला बरं वाटावं असं, फक्त भोंगा नाही. उपांत्य सामन्याची तिकिटं काढली नव्हती. टेनेसीच तर आहे, असं मीच म्हटलं होतं.

संध्याकाळी गॅफनीला त्या पीचजवळ पेट्रोल भरत होते, आणि गाडीतून लेकीची किंकाळी. विंचू चावला की काय! ‘आई, अगं, कार्डोसो!’ वीसहून जास्त गुणांची आघाडी घालवून संघ दोन गुणांनी मागे, घड्याळात 1.1 सेकंद, आणि जिने कॉलेजात आजवर एकही तीन गुणांची बास्केट केली नव्हती तिने लांबून चेंडू फेकला. फळ्यावर आपटला, आत. 74-73.

लेकीने ते मला फोनवर पाच वेळा दाखवलं. पाचव्यांदा मी खेळाडूंकडे नाही, मागच्या गर्दीकडे बघत होते. डाळिंबी डूल शोधत. पण तिथे सगळंच डाळिंबी.