पाणी आभाळापेक्षा उजळ

मालवणच्या एका हॉटेलच्या कॅलेंडरचं काम होतं. डिसेंबरच्या पानावर त्यांना संध्याकाळचा सिंधुदुर्ग हवा होता, किनाऱ्यावरून. १६६४ साली किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा जिथं झाली असं सांगतात, त्या मोरयाच्या धोंड्याजवळच्या खडकांत ट्रायपॉड लावला. ओहोटी होती, खडकांमधल्या डबक्यांत आभाळ उतरलं होतं. हॉटेलतर्फे आलेले गृहस्थ माझ्या खांद्यामागून स्क्रीनमध्ये बघत होते.

अशा वेळी मी आधी स्पॉट मीटरनं, म्हणजे एकेका ठिपक्याचा उजेड मोजणाऱ्या मीटरनं, तीन नोंदी घेतो. एफ ११ एवढ्या छिद्राला आभाळ (सूर्यापासून बाजूचं) १/१२५ सेकंद, डबक्यातलं पाणी १/३०, खडक १/८. म्हणजे आभाळ नि खडकांत चार स्टॉपांचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. बहुतेक जण इथं थेट ०.९ चा, तीन स्टॉपचा ग्रॅड काढतात, म्हणजे आभाळ दाबायला वरून काळसर नि खाली पारदर्शक असलेला फिल्टर. मी खडकांकडे बघून फिल्टर निवडत नाही, पाण्याकडे बघून निवडतो. पाण्यातलं प्रतिबिंब खऱ्या आभाळापेक्षा उजळ असूच शकत नाही. इथं दोघांत दोन स्टॉपांचं अंतर, तेव्हा ०.६, म्हणजे दोन स्टॉपचा ग्रॅड, ही शेवटची हद्द. त्यानं आभाळ पाण्याच्या बरोबरीला येतं. ०.९ लावला की पाणी आभाळापेक्षा एक स्टॉप उजळ होतं आणि चित्र खोटं पडतं.

मग हार्ड की सॉफ्ट? हार्डमध्ये काळसर भाग एका कडेवर झटकन संपतो, सॉफ्टमध्ये हळूहळू विरतो. समोर नुसतं क्षितिज असतं तर हार्ड चालला असता. इथं क्षितिजावर तटबंदी आहे. हार्डची कड पाण्याच्या रेषेवर आणली की सगळे बुरूज काळे. म्हणून ०.६ सॉफ्ट. प्रीव्ह्यूचं बटण दाबून, लेन्सचं छिद्र एफ ११ ला बंद ठेवून, फिल्टरची काच लेन्सपुढच्या होल्डरमध्ये केसाकेसानं खाली सरकवली. उघड्या छिद्राला ती कड नीट दिसत नाही. लेन्सवर फिरवून बसवायचे स्क्रू-इन गोल ग्रॅड विकणाऱ्यांना हेच कळत नाही: त्यात कड कायम मधोमध, सरकवणार काय? आभाळासाठी एक नि खडकांसाठी एक अशी दोन एक्स्पोजर जोडा म्हणणारेही भेटतात. समोर होड्या हेलकावत असताना जोडलेल्या फोटोत एका होडीला दोन नाळी दिसतात.

फ्रेम उत्तम आली. तटाचा दगड दिसत होता, डबक्यातला केशरी रंग आभाळाच्या जरा आतच होता. गृहस्थ म्हणाले, "आभाळात दम नाही हो. अजून काळं करा." पैसे त्यांचे. ०.९ हार्ड लावून दुसरी घेतली. किल्ला कोळशासारखा, वर शिशाचं आभाळ, खाली लखलखतं पाणी.

छापली तीच. त्यांच्या डिझायनरचं म्हणणं, लोकांना असंच आवडतं, पाण्याबिण्याचं कोण बघतं. हे मला अजून पटलेलं नाही. कारण माझ्या आतेबहिणीनं, जिनं आयुष्यात कधी फिल्टर हातात धरला नाही, ते पान बघून पहिलं हेच विचारलं: "पावसाळ्यातला का रे फोटो? तेव्हा तर किल्ल्यावरच्या होड्या बंद असतात ना?" ते कॅलेंडर त्या हॉटेलच्या प्रत्येक खोलीत लावलंय, किल्ला बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी.